मदत हवी आहे: सी ड्राइव्ह भरला, लग्नाचा अल्बम अडकला

राम राम मंडळी. पाचोऱ्याला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लॅपटॉपला २५६ जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम, शिवाय १ टीबीची साधी बाहेरची हार्ड डिस्क. एका लग्नाच्या, हळदीपासून वरातीपर्यंत, अडीच हजार रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातले मूळ, प्रक्रिया न केलेले फोटो) लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या आणि सी ड्राइव्हवर जेमतेम ४ जीबी उरले. आता फोटोशॉपच्या स्क्रॅच डिस्कलाही (रॅम कमी पडली की ते डिस्कवर तात्पुरती वापरतं ती जागा) जागा नाही.

रॉ फाइल्स बाहेरच्या डिस्कवरच आहेत. जागा खाल्ली ती प्रिव्ह्यूंनी, म्हणजे फोटो झटपट दाखवायला लाइटरूम बनवून ठेवतं त्या प्रतींनी. कॅटलॉगशेजारचं (लाइटरूमची एडिटिंगच्या नोंदी ठेवणारी फाइल) त्यांचं फोल्डर ४० जीबीच्या वर गेलंय. पूर्ण आकाराचे प्रिव्ह्यू ३० दिवसांनी आपोआप काढून टाकायची सोय आहे, पण नवरीकडच्यांना अल्बम पंधरा दिवसांत हवाय. हे प्रिव्ह्यू आत्ताच काढून टाकले तर केलेलं एडिटिंग शाबूत राहतं ना? हात लावायची भीती वाटते, एखाद्याच्या घरचं एकदाच होणारं कार्य आहे ते.

स्क्रॅच डिस्क त्या बाहेरच्या साध्या हार्ड डिस्कवर दिली तर काम रेंगाळेल असं वाटतं. मग आधी काय घ्यावं, जास्तीची रॅम की यूएसबीवरची एसएसडी? जळगाव-भुसावळकडे कुणी स्वतः वापरून पाहिलं असेल तर कृपया सांगा.