मदत हवी आहे: दाजींची सिफिलिस टेस्ट आणि इंजेक्शन, भिवंडी किंवा ठाणे

बहिणीला पाचवा महिना चालू आहे, तपासणीत व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह आली, एचआयव्ही निगेटिव्ह. तिला पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलंय, आता अडलंय ते दाजींवर. ट्रकवर असतात, म्हणतात मला काही त्रासच नाही, पण यात फोड दुखत नाही, आपोआप जातो आणि आजार आत तसाच राहतो, त्यांनी उपचार नाही घेतले तर तिला परत होणार आणि बाळालापण धोका. खूप समजावल्यावर तयार झालेत, फक्त गावात नको, ओळखीचे भेटतात. डॉक्टरांची चिठ्ठी आहे, प्रायव्हेट परवडणार नाही. पुढच्या आठवड्यात माल उतरवायला भिवंडीत थांबतील. तिथल्या किंवा ठाण्यातल्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये (गुप्तरोगाच्या दवाखान्यात) बायको सोबत नसताना नुसत्या चिठ्ठीवर टेस्ट आणि इंजेक्शन एकाच दिवशी होतं का?