बिनगियरची स्कूटर : आधी गाडी बदलली की बाई?

डिचोलीवाली :
माझं मत सरळ आहे. गोव्यातल्या बायका एकट्या फिरू लागल्या त्या भाषणांमुळे नाही, बिनगियरच्या स्कूटरमुळे. जुन्या बजाज चेतकला डाव्या मुठीत क्लच नि गियर, उजव्या पायाला ब्रेक, सुरू करायला किक. साडी नेसून सकाळच्या घाईत करून बघा! १९८४ला कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की चालू. पुढे अ‍ॅक्टिवा. पायांपाशी सपाट जागा, तिथे बाजाराची पिशवी राहते, दप्तर राहतं, वेळेला सिलिंडरसुद्धा.

फोंड्याचे भाऊ :
ताई, गंगा उलटी वाहवताय. पाय न ओलांडता बसता येईल अशी बांधणी व्हेस्पाने १९४६लाच केली होती. त्याच घाटाच्या स्कूटर आपल्याकडे साठच्या दशकापासून आहेत. चालवल्या कोणी? पुरुषांनी. बाई मागे, एका बाजूला पाय सोडून. १९८९चे केंद्रीय मोटार वाहन नियम काढा : मागचं चाक निम्मं तरी झाकणारं गार्ड हवं. त्याला सगळे साडी गार्डच म्हणतात. बाई कुठे बसणार हे नियम करणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं. पहिले मुख्यमंत्री बांदोडकर, त्यांच्या काळात गावोगावी मराठी शाळा निघाल्या, मुली शिकल्या, शिक्षिका-नर्स झाल्या, हाती पगार आला. तेव्हा कुठे कंपन्यांना गिऱ्हाईक दिसलं.

डिचोलीवाली :
माझी आई शिक्षिकाच होती, भाऊ. पगार होता, लायसन नव्हतं. संध्याकाळची बस चुकली की बाबांना न्यायला यावं लागायचं, म्हणून शाळेतल्या मीटिंगला ती कधी शेवटपर्यंत थांबली नाही. शिक्षण झालं, नोकरी झाली, घोडं अडलं ते किकपाशी.

वास्कोचा मेस्त्री :
मधेच बोलतो. बायकांची गाडी वगैरे जाहिरातीतलं. माझ्याकडे अ‍ॅक्टिवा घेऊन पुरुषही तितकेच येतात. आणि बायकांचा विचार केलाय म्हणता, तर मेन स्टँड बघा. शंभर किलोंच्या वर वजन, टाचेने दाबून मागे ओढायचं. बारीक अंगाच्या पोरी साइड स्टँडवरच भागवतात. बॅटरी उतरली की परत किक आहेच.

माशेलची सून :
मेस्त्रीबाब, स्टँडचं अगदी खरं. पण माझं दुखणं निराळं. स्कूटर आली आणि सासूबाईंचा डॉक्टर, मुलांची शिकवणी, गिरण, सगळं माझ्या गळ्यात पडलं. आधी हे ‘ह्यांचं’ काम होतं. ह्याला मोकळीक म्हणायचं?

फोंड्याचे भाऊ :
घ्या, माझंच म्हणणं. गाडी बदलून घर बदलत नाही.

डिचोलीवाली :
मग शाळांनी तरी कुठे बदललं? कायद्याचं म्हणाल तर १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा निम्मी-निम्मी. घरकाम झालं का निम्मं? सूनबाई, एवढा जाच आहे तर स्कूटर विकाल?

माशेलची सून :
छे! विकायची कशाला? ह्यांनाच एक घ्यायला लावते. शिकवणीची फेरी त्यांची.