व्हिएतनामचं युद्ध १९४५ साली सायगावात पेटलं, आणि काडी लावणाऱ्यांत आपलं सैन्यही होतं

चावडीकर
व्हिएतनाम म्हटलं की आपली गाडी थेट अमेरिका आणि नेपाम बॉम्बवर जाते. त्याआधीचं सायगाव कोणी काढतच नाही. व्हिएतनाम म्हणजे फ्रेंचांची वसाहत, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बळकावलेली. २ सप्टेंबर १९४५ ला हो चि मिन्ह यांनी हानोईत स्वातंत्र्य जाहीर केलं. दोस्त राष्ट्रांच्या पॉट्सडॅम परिषदेत ठरल्याप्रमाणे १६ अक्षांशाच्या दक्षिणेला जपान्यांची शरणागती घ्यायला ब्रिटिश आले. नाव ब्रिटिशांचं, सैन्य आपली २०वी इंडियन डिव्हिजन. तिचे ब्रिटिश सेनापती जनरल ग्रेसी यांनी व्हिएतनामी वर्तमानपत्रं बंद केली, लष्करी कायदा पुकारला आणि जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्या सुमारे १,४०० फ्रेंच सैनिकांच्या हाती बंदुका दिल्या. २३ सप्टेंबरच्या पहाटे त्यांनी टाउन हॉल, पोलीस ठाणी ताब्यात घेतली. मग फ्रेंच नागरिकही रस्त्यावर उतरले आणि दिसेल त्या व्हिएतनामी माणसाला बडवत सुटले. फ्रेंच स्वतःच्या बळावर परतले नाहीत, त्यांना आणून बसवलं.

जुना फौजी
साफ असहमत. ग्रेसींकडे सुरुवातीला मूठभर सैन्य, शहरात संप, बाजार बंद. आणि २५ च्या पहाटे सिते एरो वस्तीत बायकापोरांसकट शंभरावर फ्रेंच आणि युरेशियन (मिश्र वंशाचे) मारले गेले, ते तुमच्या धाग्यात कुठंय? फौजेत हुकूम आला की विषय संपतो. पंजाबातल्या शिपायाला ‘मी नाही गोळी झाडत’ म्हणायची सोय होती का?

चावडीकर
सिते एरो भयंकरच, त्यात वाद नाही. पण साहेब, तारखा बघा: आधी २३, मग २५. शिपायाला कोण बोल लावतंय? जपान्यांची हत्यारं काढून घ्यायची होती. केलं काय, तर त्याच जपान्यांना हत्यारांसकट व्हिएत मिन्हवर, म्हणजे हो चि मिन्ह यांच्या स्वातंत्र्य आघाडीवर, घातलं! नेहरूंनी भारतीय सैन्याच्या या वापराचा जाहीर निषेध केला होता, तो काय उगाच?

तळ्यात मळ्यात
तुम्ही दोघं हो चि मिन्हना फारच भोळं ठरवताय. उत्तरेत चीनचा तेव्हाचा सत्ताधीश च्यांग काई-शेक याचं सैन्य तळ ठोकून होतं, तेही नुकत्याच दुष्काळाने लाखो माणसं खाल्लेल्या मुलखात. त्यांना घालवायचं म्हणून ६ मार्च १९४६ ला हो चि मिन्ह यांनीच १५,००० फ्रेंच सैन्याला उत्तरेत येऊ द्यायचा करार केला, सोबत १०,००० व्हिएतनामी. स्वपक्षाच्या शिव्या खाऊन केला. कुठला परका आधी काढायचा, याचा हिशेब त्यांचा पक्का होता.

जुना फौजी
घ्या! म्हणजे खापर एकट्या ग्रेसींवर का?

चावडीकर
कारण हा करार सायगाव गेल्यावर साडेपाच महिन्यांनी झालाय. दक्षिण हातात नसती तर फ्रेंच कशाच्या जोरावर बोलणी करायला बसले असते? आणि करार तरी कुठे पाळला? नोव्हेंबरात हायफाँगवर तोफा डागल्याच.

जुना फौजी
फ्रान्सच्या द गॉलने जनरल लेक्लेर्कला धाडलंच होतं. ५ ऑक्टोबरला तो सायगावात पोचला. ग्रेसी नसते तरी पोचलाच असता.

चावडीकर
पोचला असता हो. पण तेव्हा विमानतळ कोणाच्या ताब्यात असता?