शिळा पाव आणि बदकाची चरबी, करू काय?

मृण्मयी: दक्षिण-पश्चिम फ्रान्समध्ये, जेर्समधल्या एका खेड्यात भाड्याने राहतेय. शेजारच्या आजींनी बदकाच्या चरबीची बरणी दिली. माझा दगडासारखा पाव बघून "टाकायचा नाही हं!" असा दमही भरला. मी तुरँ (तिकडचं लसणाचं सूप) करावं म्हणतात. कसं करतात?

खवय्या_काका: अगं, सोप्पं आहे. चमचाभर चरबीत दहा-बारा लसूणपाकळ्या चिरून मंद आचेवर परत. लाल होऊ देऊ नकोस, कडवट लागतं. चमचाभर पीठ घाल, मग लिटरभर गरम पाणी, मीठ, मिरपूड. वीसेक मिनिटं उकळू दे. अंड्याचा पांढरा बलक ढवळत सोड, तारा पडतात. गॅस बंद करून पिवळा बलक व्हिनेगरमध्ये फेटून घाल. पाव वाडग्यात ठेवून वरून हे ओतायचं. व्हिनेगर विसरलीस तर मजाच गेली!

रेवती: चरबी उरेल, तिच्यात बटाटे परत. आणि थंडीत गार्ब्युर, म्हणजे तिकडचं भाज्यांचं दाट सूप, कर: कोबी, पांढरा घेवडा, सलगम, असल्यास बदकाचं कॉन्फी (चरबीत मंद शिजवून टिकवलेलं मांस). दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

खवय्या_काका: तळाशी थोडा रस्सा उरला की म्हातारी मंडळी त्यात रेड वाइन ओतून वाडगाच तोंडाला लावतात. त्याला शाब्रो म्हणतात. आजींसमोर करून बघ, खूश होतील.

मृण्मयी: काका, व्हिनेगर साधं की वाइनचं?

खवय्या_काका: वाइनचं.