मदत हवी आहे: मोबाईलवर वारा ताशी १५ किमी, मग गोठ्याचे पत्रे उडाले कसे?

राम राम मंडळी. गाव अंबड तालुक्यात, जि. जालना. परवा दिवस मावळायला वळीव आला. पाऊस म्हणाल तर नुसते शिंतोडे, पण त्याआधी जे गार वारं सुटलं त्यात गोठ्याचे पत्रे उचकटून शेजारच्या मोसंबीत जाऊन पडले. जनावरं बाहेर बांधली होती, निभावलं. मोबाईलवर मात्र वारा ताशी १५ किमी. एवढ्यात कडब्याची पेंढी हलत नाही! शेजाऱ्याचा गोठा तसाच, पण शाबूत. फरक एवढाच की आमचा पश्चिमेला उघडा आहे. मिस्त्री म्हणतो पत्र्यावर दगड ठेवा, मेहुणे म्हणतात उघडी बाजू बंद करा. कोणाचं ऐकू? आणि पाऊस नसताना एवढं वारं आलं कुठून?

प्रतिसाद

मोबाईलवरचा आकडा सरासरीचा असतो. पत्रा उडतो तो दोन-तीन सेकंदांच्या झोताने. बांधकामाचं भारतीय मानक (आयएस ८७५, भाग ३) सुद्धा ३ सेकंदांचा झोतच धरतं, मोकळ्या जागी १० मीटर उंचीवरचा. त्यात औरंगाबादसाठी ३९ मीटर प्रति सेकंद दिलाय, म्हणजे ताशी १४० किमी.

दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३६ किमीला चौरस मीटरवर साधारण ६ किलो, ७२ किमीला २४ किलो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा स्वतः चौरस मीटरला चार-साडेचार किलोचा!

पाऊस कमी होता म्हणूनच वारं जास्त, असं म्हटलं तरी चालेल. मे महिन्यात आपल्याकडे ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी. थेंब वाटेतच वाळतात, आणि माठ पाझरून गार होतो तशी ती हवा गार होते. गार हवा जड, ती खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. १९७५ साली न्यूयॉर्कला विमान पडलं, त्याचा अभ्यास करताना फुजिता या शास्त्रज्ञाने हा प्रकार उलगडला. (दुपारचे झोत वेगळे. तेव्हा तापलेली हवा वर जाते आणि वरची वेगवान हवा तिच्या जागी खाली येते. रात्री जमीन निवली की ते थांबतं.)

आता गोठा. उघड्या बाजूने वारं आत शिरलं, पलीकडे वाट नाही, म्हणून ते पत्रा आतून वर ढकलतं. वरून जाणारं वारं वळचणीपाशी पत्र्यापासून सुटतं आणि तिथे ओढ तयार होते. दोन्ही जोर वरच्याच दिशेला. दगडाचा नाद सोडा, खाली जनावरं असतात. बाजू बंद केल्याने पश्चिमेचं वारं भागेल, पण ढग पश्चिमेलाच असेल याची हमी कोण देणार? पकड वाढवा.

धागाकर्ता

बोल्ट अजून अँगललाच आहेत, पत्र्याची भोकं फाटलीत.

प्रतिसाद

मग बोल्ट टिकला, पत्रा त्याच्या डोक्यावरून ओढला गेला. वाशर मोठे घाला. कडेच्या ओळींत आणि कोपऱ्यांत बोल्ट जवळजवळ घ्या, ओढ तिथेच सगळ्यात जास्त. अँगल खांबाला आणि खांब काँक्रीटमध्ये पक्का आहे ना तेही बघा, नाहीतर पुढच्या वेळी अख्खं छप्परच मोसंबीत जाईल.