'मिर्झा' नावाच्या आधी की नंतर?

पानचाळ्या
लंडनच्या जुन्या वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली पानं सध्या चाळतोय. १८३६ च्या अंकांत तीन 'पर्शियन प्रिन्स' सारखे भेटतात: रझा कुली मिर्झा, नजफ कुली मिर्झा आणि तैमूर मिर्झा. १८०९-१० च्या अंकांत मात्र इराणचा वकील म्हणून 'मिर्झा अबुल हसन' आहे. हाही राजघराण्यातलाच का? मिर्झा म्हणजे राजपुत्र, की लेखनिक? आणि मग आपले मिर्झाराजे जयसिंग कुठे बसवायचे?

दप्तरी
छान प्रश्न. शब्द मुळात 'अमीरजादा', त्याचं झिजून 'मिर्झा' झालं. काजार राजघराण्याच्या काळच्या इराणात तो कुठे बसतो यावर सगळा अर्थ अवलंबून. नावाच्या नंतर आला तर माणूस राजरक्ताचा: अब्बास मिर्झा, तैमूर मिर्झा. नावाच्या आधी आला तर लिहिता-वाचता, दरबारी कामातला माणूस. आपल्याकडच्या 'मुनशी'च्या जवळचा, पण जरा वरच्या पायरीचा.

त्यामुळे तुमचा अबुल हसन शाहजादा नव्हे. वजीर हाजी इब्राहीमचा हा भाचा. १८०१ मध्ये वजिराला मारलं आणि घराण्यावर संक्रांत आली, तेव्हा या गृहस्थाने काही काळ हिंदुस्थानात काढला. पुढे दिवस पालटले आणि इराणचा बादशहा फत्तेअली शाह याचा एलची, म्हणजे वकील, म्हणून तो लंडनला गेला. (हो, मराठीतला 'एलची' तोच. इराणात तर 'ईलची' हा शब्द त्याच्या नावालाच चिकटला.) लंडनच्या दिवाणखान्यांत त्याच्या दाढीचं आणि पोशाखाचं एवढं कौतुक झालं की टॉमस लॉरेन्ससारख्या नामांकित चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. १८१९ मध्ये तो पुन्हा गेला, तेव्हा बरोबर एक चेर्केशियन बाई होती. मग काय, वकिलातीचं काम बाजूला राहिलं आणि वर्तमानपत्रांचे रकाने तिच्यावर खर्ची पडले.

१८३६ चे तिघे मात्र खरेच शाहजादे, फत्तेअली शाहचे नातू. १८३४ मध्ये आजोबा वारले तेव्हा त्यांच्या बापाने, म्हणजे फार्सचा सुभेदार हुसेनअली मिर्झाने, शिराझमध्ये स्वतःच्या नावाने द्वाही फिरवली. डाव फसला, बाप कैद झाला आणि पोरं मजल दरमजल करत लंडनला पोचली. बापाची पदवी होती 'फर्मानफर्मा', फर्माने फर्मावणारा.

मिर्झाराजांचं प्रकरण वेगळं. 'मिर्झाराजा' हा मोगल बादशहाने दिलेला किताब. रक्ताशी संबंध नाही. आणि खुद्द मोगलांत तर शाहजाद्यांचा 'मिर्झा' आधीच यायचा: मिर्झा कामरान, १८५७ चा मिर्झा मुघल. म्हणजे दिल्लीचा नियम तेहरानला चालत नाही. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या इंग्रजाने इराणची बातमी लिहिली की घोटाळा व्हायचा तो इथेच.

भाषांतरवाली
मग मराठीत 'प्रिन्स' दिसला की 'युवराज' लिहायचं ना? वर्तमानपत्रांत सर्रास तसंच असतं.

दप्तरी
कृपा करून नको! युवराज एकच असतो, फारसीत 'वलीअहद'. फत्तेअली शाहचा वलीअहद अब्बास मिर्झा. तो १८३३ मध्ये बापाआधी गेला आणि गादी त्याच्या मुलाला, मुहंमद मिर्झाला मिळाली. बाकीचे सगळे शाहजादे किंवा राजपुत्र. या फत्तेअली शाहच्या मागे पन्नासच्या वर मुलगे हयात होते, नातवंडांची तर गणतीच नाही. इराणात म्हणच पडली की उंट, उवा आणि शाहजादे कुठेही सापडतात. लंडनच्या वाचकाला 'प्रिन्स' म्हटलं की गादीशेजारचा माणूस डोळ्यांपुढे यायचा. इराणात तो एखाद्या आडगावचा कर्जबाजारी सुभेदारही असायचा. 'युवराज' लिहून आपण तीच फसगत मराठीत आणतो.

भाषांतरवाली
पटलं. आणखी एक अडलंय. १८७३ मध्ये इराणचा नासिरुद्दीन शाह लंडनला आला, त्या वर्णनांत टोपीवरच्या हिऱ्यांच्या 'एग्रेट'चा उल्लेख वारंवार येतो. 'तुरा' लिहिलंय, पण समाधान होत नाही.

जरीपटका
'जिगा' लिहा. शाहच्या काळ्या कोकराच्या कातड्याच्या टोपीवर पुढच्या बाजूला जे रत्नजडित, वर पिसं असलेलं लेणं असे त्याला फारसीत 'जिक्के' म्हणतात. पेशवाईतल्या बहुमानाच्या याद्यांत शिरपेच, कंठी, तुरा यांच्या जोडीला 'जिगा' येतो, तो हाच. शब्द घरातच आहे, नुसता अडगळीत पडलाय.

त्या दौऱ्याचं वर्णन वाचताना एक ध्यानात ठेवा. कोटावरच्या हिऱ्यांची वर्णनं वाचून लोक रस्त्यात खेटाखेट करत, 'शाहला पाहिलंत का?' हे लंडनकरांच्या तोंडचं पालुपद झालं, व्हिक्टोरियाने विंडसरला त्याला गार्टरचा किताब दिला, हे सगळं ठीक. पण खरी बातमी रॉयटर कन्सेशनची. वृत्तसंस्थेचा मालक जो बॅरन रॉयटर, त्यालाच शाहने १८७२ मध्ये इराणातली रेल्वे आणि बऱ्याचशा खाणी ७० वर्षांसाठी देऊन टाकल्या होत्या. शाह युरोपातून परतल्यावर इराणात बोंब उठली, रशियाही नाराज होताच, आणि १८७३ मध्येच करार रद्द झाला. मराठीत याला 'रॉयटरला दिलेली सवलत' म्हणतात, ते वाचून हसू येतं. सवलत शाळेच्या फीत मिळते. हा 'मक्ता' होता. इजारा म्हटलं तरी चालेल. १८९० चा तंबाखूचा तसाच, तोही मक्ता. त्याविरुद्ध लोकांनी हुक्के सोडले आणि १८९२ मध्ये शाहला तो मागे घ्यावा लागला.

पानचाळ्या
वा! दोन शंका उरल्या. एक, 'किंग ऑफ किंग्ज' हे संपादकांनी चेष्टेने लिहिलंय का? दोन, रझा कुलीतला 'कुली' काय प्रकार आहे?

दप्तरी
'किंग ऑफ किंग्ज' म्हणजे शब्दशः 'शाहनशाह'. पदवी अधिकृतच, चेष्टा असलीच तर ती सुरात. शाहला 'किब्ला-ए-आलम' म्हणत, म्हणजे सगळ्या जगाने ज्याच्याकडे तोंड करावं तो. याचं इंग्रजीत 'विश्वाचा केंद्रबिंदू' असं काहीतरी व्हायचं आणि मग वाचक खदखदून हसणार नाही तर काय! आपणही 'श्रीमंत' किंवा 'राजमान्य राजश्री' शब्दशः उतरवून पाहावं.

'कुली' म्हणजे दास. मूळ तुर्की. रझा कुली, इमाम रझाचा दास. आपल्या शेजारी गोवळकोंड्याचा मुहंमद कुली कुतुबशाह होताच. नादिरशाहचं आधीचं नाव 'तहमास्प कुली खान', म्हणजे तहमास्प शाहचा दास. १७३६ मध्ये तो स्वतः गादीवर बसला, तरी इंग्रजी पत्रं त्याला 'कुली खान'च म्हणत राहिली, आणि उत्तरेतल्या मराठी वकिलांच्या पत्रांतही तो 'तहमास्पकुलीखान'च. स्टेशनवरच्या हमालाशी याचा संबंध लावू नका. तो 'कुली' सहसा तमिळ 'कूली', म्हणजे मजुरी, या शब्दाकडे नेतात.

जरीपटका
या यादीत इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखानही हवेत. पहिले आगाखान हसनअली शाह, फत्तेअली शाहचे जावई. ही पदवी सासऱ्यानेच दिली. इराणातून बंड फसून निघाले ते अखेर मुंबईत स्थिरावले, १८८१ मध्ये वारले, कबर माझगावात हसनाबादला. फारसीत त्यांचा 'आका' (म्हणजे साहेब) 'काफ' या अक्षराने लिहितात. 'गैन' या अक्षराचा 'आगा' काजार दरबारात जनानखान्यातल्या नपुंसक सेवकांना आणि बायकांना लावत. उर्दूत मात्र आगाखान गैननेच लिहितात आणि आपण तोच उच्चार घेतला. तेव्हा पुण्याच्या आगाखान पॅलेसची पाटी बदलायला जाऊ नका, पण फारसी कागद वाचताना अक्षर नीट पाहा.