गोठा, परसबाग आणि शाळेच्या पटावरून कमी झालेली दोन नावे

चर्चाप्रस्ताव

चार वर्षांपूर्वी पुणे सोडून आम्ही भोर तालुक्याच्या पश्चिमेकडे, सासऱ्यांच्या दीड एकरावर राहायला आलो. एक गाय, सहा शेळ्या, पंधरा-वीस गावठी कोंबड्या, घरामागे परसबाग आणि उरलेल्या जमिनीत भात व नाचणी, एवढाच आमचा पसारा. मुलगी दहा वर्षांची आहे, मुलगा सात वर्षांचा. गेल्या जूनमध्ये दोघांची नावे गावच्या शाळेतून काढली आणि आता त्यांना घरीच शिकवतो.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, तेव्हा मुलीने दिनदर्शिकेवर एकविसावा दिवस खुणेने नोंदवला, सातव्या रात्री विजेरीच्या उजेडात एकेक अंडे धरून रिकामी अंडी वेगळी काढली आणि शेकडा किती फुकट गेली याचा हिशेब मांडला. जीवामृताचे, म्हणजे शेणापासून घरीच करायच्या द्रवखताचे, प्रमाण 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 2 किलो गूळ आणि 2 किलो बेसन असे सांगतात. आमचे पिंप 50 लिटरचे असल्यामुळे अपूर्णांक तिला फळ्यावर शिकवावे लागले नाहीत. एवढे शिक्षण घरच्या घरी होत असताना मुलांना रोज पाच-सहा तास वर्गात बसवण्याचा आग्रह आपण का धरतो?

प्रतिसाद : निवृत्त प्राथमिक शिक्षिका

ताई, अंड्यांचा हिशेब वाचून आनंद झाला आणि तो मी वर्गातही वापरला असता. परंतु शेतावरचे शिक्षण पावसाच्या तालावर चालते, याचा उल्लेख तुमच्या प्रस्तावात नाही. आषाढात चिखलणी आणि लावणी सुरू झाली की माझे हजेरीपुस्तक रिकामे होत असे आणि सर्वांत आधी गैरहजर व्हायच्या त्या थोरल्या मुली, कारण धाकटे भावंड आणि शेळ्या सांभाळणे त्यांच्याकडे येई. त्याला तेव्हा कोणी शिक्षण म्हटले नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा बंद करण्याची टांगती तलवार आपल्याकडे कित्येक वर्षे आहे. तुमच्या गावच्या शाळेचा पट किती होता, हे तुम्ही लिहिलेले नाही. समजा चौदा होता, तर तो आता बारा झाला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे खरा, पण शाळा बंद झाली तर तुम्ही मुलांना गाडीवरून दुसऱ्या गावी सोडाल. वस्तीवरची मुलगी मात्र घरी बसेल.

प्रतिसाद : घरी शिकलेल्या मुलाचा पालक

बाई, आपल्याविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. शाळेचा पट टिकवणे हे शासनाचे काम आहे, दोन लहान मुलांचे नव्हे. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, त्यात सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षण पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे आणि घरी शिकवण्याचा नावानिशी उल्लेख कुठेही नाही. पुढची वाटही बंद होत नाही : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर, पाच विषय घेऊन दहावी देता येते आणि ते विषय पाच वर्षांच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने सोडवता येतात.

शिवाय गुरांमागचे शिक्षण आपल्या परंपरेला परके नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी कोसबाडच्या आदिवासी भागात गुरे वळणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होतीच.

निवृत्त शिक्षिकेचे उत्तर

कुरणशाळेचा दाखला आपण उलटा वापरलात. मुले गुरांमागे अडकल्यामुळे शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून ताराबाईंनी शाळा कुरणावर नेली. कुरण आहे तेव्हा शाळा नको, असे त्यांनी म्हटले नाही. आणि तिथे एका घरची दोन मुले नव्हती, पाड्यावरची सगळी मुले होती.

प्रतिसाद : अकोले तालुक्यातील, सध्या नाशिकला नोकरी

मी डांगी जातीच्या गुरांमागे वाढलो. ढोराला ताप आहे हे कान धरून ओळखता येते, ते मला आजही येते आणि त्याचा अभिमान आहे. पण शाळेत जाणारी पोरे बांधावरून जाताना मी त्यांच्या दप्तरांकडे बघत उभा राहायचो, हेही तितकेच खरे. ज्याला गोठ्यातून बाहेर पडायची वाट आहे त्याला गोठा प्रयोगशाळा वाटतो.

ताईंना एकच विचारतो. बालमजुरीच्या कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या कामात मदत करायची ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. ज्या घरात शाळाच नाही, तिथे शाळा कधी सुटते? शेळ्यांना पीपीआर या संसर्गजन्य रोगाची साथ लागली आणि रात्रंदिवस त्यांच्यापाशी बसावे लागले, तर त्या दिवशीचा पाठ कोण घेतो?

प्रस्तावलेखिका

दादा, आपल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की कोणीही घेत नाही. गेल्या आषाढात सतरा दिवस आमच्याकडे वही उघडली गेली नाही, आणि मुलगी शेणाच्या पाट्या उचलत होती ते शिकण्यासाठी नव्हे, तर मला माणूस मिळाला नाही म्हणून. हे मी प्रस्तावात लिहायला हवे होते.

बाई, पट सोळा होता, आता चौदा आहे. तरीही शाळेत एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, त्यांचा बराच वेळ माहिती भरून पाठवण्यात जातो आणि नाव काढले तेव्हा तिसरी पूर्ण केलेल्या माझ्या मुलीला जोडाक्षरे वाचता येत नव्हती, हे मी विसरू शकत नाही. आता ती वर्तमानपत्र वाचते. मुलाचे मात्र वेगळे आहे. मधल्या सुट्टीत शाळेतून लंगडीचा गलका ऐकू येतो, तेव्हा तो कुंपणापाशी जाऊन उभा राहतो, आणि ते पाहून मी काल गुरुजींना भेटले. त्याचे नाव सोमवारी पुन्हा घालतील. मुलगी नाही म्हणते, आणि तिच्यावर सक्ती करायची की नाही, याबद्दल आमच्या घरातच दोन मते आहेत.